निखारेवालीतल्या चुका

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

तुझ्या भिंगरीचा नमस्कार. आईलाही सांग. वर तारीख घातली आहे, समास सोडला आहे, आता नावं ठेवायला तुला जागा नाही. मी मजेत आहे. खाणं वेळेवर, झोप भरपूर, हवा छान. तुम्ही दोघी बऱ्या असाल.

पत्र बघून दचकू नकोस. फोन पडला. शिडीवरून पडला, आणि असा पडला की दुरुस्तीवाल्याने तो हातात घेतलाच नाही, लांबूनच मान हलवली. आता तू विचारणार, फोन शिडीवर काय करत होता. मी शिडीवर होतो म्हणून तोही होता. मी सध्या पेंटरदादांच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवतो, हे मागच्या फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा तुझं लक्ष तुझ्याच बातमीत होतं. मला हे काम आवडतं. एकेक अक्षर म्हणजे एकेक चित्र. घाई नाही, आणि अख्खा शब्द वाचायची जबाबदारी गिऱ्हाइकाची. एका बेकरीची पाटी चालू होती. 'बेक' झालंय, 'री' राहिलीय. राहील अजून काही दिवस.

तर तुझी बातमी. 'निखारेवाली' तू या महिनाअखेर काढून टाकणार, इंटरनेटवर विकायला ठेवलेला तुझा तो गेम पुन्हा कोणालाच मिळणार नाही, हे तू इतक्या शांतपणे सांगितलंस की जणू जुना स्वेटर कोणाला तरी देऊन टाकतेयस. मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर ते 'बरं' मला दिवसभर टोचत राहिलं. तू चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, आता हे' विचारून यायचीस आणि जेवण उरकलं की त्याच टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसायचीस. वर्षानुवर्षं. आई तुझ्या वायरीत पाय अडकवून घ्यायची आणि शिव्या मला घालायची, मी घरात असलो तर. आणि एवढं करून तो खेळलेली माणसं एका बसमध्ये मावतील, त्यातली निम्मी पहिल्याच स्टॉपवर उतरलेली.

त्या बसमध्ये मी नव्हतो. आता बसलोय.

झालं असं, की सध्या काम जरा थंड आहे आणि मला बसायला वेळ आहे. मी राहतो ती वरची खोली टायपिस्टकाकूंची. काकू म्हणजे घरमालकीण. सगळा जन्म एका कचेरीत टायपिंग केलं, आता निवृत्त आहेत, पण बोटं निवृत्त झालेली नाहीत. बोलतानाही टेबलावर वाजतात. त्यांच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, त्यावर त्या पत्ते खेळतात आणि हरल्या की कॉम्प्युटरला मूर्ख म्हणतात. मी म्हटलं, काकू, माझ्या बहिणीने एक गेम केलाय, तो लावून द्याल का? म्हणाल्या, "मारामारी आहे का?" मी म्हटलं, फारशी नाही. "मग लाव. पण खुर्चीतून उठायचं नाहीस. काय हवं ते मला सांग." स्वभावाने फार चांगल्या आहेत.

आता तुलाच तुझा गेम सांगायचा म्हणजे गंमत आहे, पण मला तो कसा लागला ते तुला कळायला हवं. सगळ्या राज्यातल्या चुली विझल्यात, कारण डोंगरातला अग्निसर्प गार होऊन पडलाय. ही पोरगी मडक्यात शेवटचा निखारा घेऊन त्याच्याकडे निघते. आणि निखारा लाकडावर जगत नाही, गोष्टींवर जगतो. वाटेत भेटेल त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. मधेच उठून गेलात की निखारा काळवंडतो. हे तुला कसं सुचलं? मला वाटलं होतं तलवारी असतील. इथे गुण मिळाले की ते 'चालणं', 'ऐकणं' आणि 'थांबणं' यांत वाटायचे. मी अर्थातच सगळे 'चालणं'मध्ये घातले. पोरगी वाऱ्यासारखी सुटली, पण पाणचक्कीवाली म्हातारी तिच्याशी बोलेचना. ती म्हणते, तू उभी आहेस, पण थांबलेली नाहीस. काकू हसल्या. मला कळलं नाही हसण्यासारखं काय होतं. परत पहिल्यापासून सुरुवात केली.

पण ताई, गेममध्ये चुका आहेत. म्हणून तर पत्र लिहितोय. तू म्हणालीस लोकांना आवडला नाही. मला वाटतं लोकांना आवडला असता, तो जरा बिघडलेला आहे एवढंच. मी नीट बघून ठेवलंय. तू दुरुस्त कर आणि काढायचं रद्द कर.

पहिली चूक म्हणजे माणसं फार हळू बोलतात. मला चालतं, माझं काही नाही. पण काकू पानभर मजकूर एका नजरेत पितात, त्यांचा जीव जातो. अक्षरं एकेक करून येतात, मोठा शब्द आला की अडतात, आणि त्यांच्याखालून काहीतरी काळं, वाकडं सरपटत जातं. कोणीतरी गेमखाली शेरा लिहिलाय, 'ही अळी बंद कशी करायची?' बंद होत नाही, आम्ही पण बघितलं.

दुसरी म्हणजे मुक्कामाला पोरगी वाडगे मांडते, तेव्हा एक वाडगा जास्तीचा मांडला जातो. तो उचलताच येत नाही. आमच्या टोळीत एक माणूस वाढला होता, त्याला देऊ म्हटलं तर नाही. कितीही दाबा, वाडगा जागचा हलत नाही.

मग अगदी सुरुवातीच्या गावातलं पोरीचं घर. बाहेर पडताना दार लावायला जावं तर लागत नाही. अर्धं लागतं आणि परत उघडतं. काकू म्हणाल्या, बिजागरी विसरली असेल तुझी बहीण.

आणि शेवटचं, ते सगळ्यात वाईट. तो भोवरा नावाचा सोबती. पहिल्या गावापासून येतो बरोबर, विनोद करतो, खातो, आणि फाटा आला की न सांगता पसार. आपण कितीही चांगलं वागा. परत कुठेतरी भेटतो, 'मजेत आहे' म्हणतो, आपल्यातलं खातो, परत पसार. असला माणूस कोणाला हवा असतो? लोकांनी त्याच्यावरही शेरे लिहिलेत, त्यांचं बरोबर आहे. मी तुझ्या जागी असतो तर त्याला आधी काढला असता. मी काकूंना तसं म्हणालो. काकूंची बोटं थांबली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला घरी काय म्हणतात रे?" मी सांगितलं, भिंगरी. "हं," म्हणाल्या, आणि चहा करायला गेल्या.

उत्तर पाठव. पत्ता मागे लिहिलाय. घाई नाही, मी इथेच आहे.

तुझा,
भिंगरी

ता. क. आईला फोनचं सांग, शिडीचं सांगू नकोस.


१५ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. मी तुला दोन पानं लिहिली आणि तू चार ओळी. त्या चारही पाठ झाल्या. 'त्या चुका नाहीत. गेम अर्धा राहिलाय आणि अर्धी वस्तू विकायला ठेवणं बरोबर नाही, म्हणून काढतेय. कोणाला आवडला, नाही आवडला, त्यावर नाही. आणि तू एवढे दिवस एका जागी बसलास कसा?'

शेवटच्या ओळीचं उत्तर नंतर देतो. आधी अळीचं.

पेंटरदादा आले होते बघायला. संत्री आणली होती. ती ठेवली आणि गेम बघत मागे उभे राहिले. त्यांना सवय आहे अक्षरांकडे अक्षर म्हणून बघायची. म्हणाले, "ही अळी नाही रे. ही बाईमाणसाच्या केसातली पिन आहे. हे बघ, एका टोकाला वाकलेली." आणि काकू म्हणाल्या, "आणि ती सरपटत नाहीये. कोणीतरी वाचून दाखवतंय. शब्दाखाली पिन धरून."

दादा संत्रं सोलत बसले, फोडी मला देत होते, मी खात होतो.

वाचता येत नाही म्हणून शाळेतून मला घरी पाठवायचे तेव्हा तू वेणीतली पिन काढायचीस. बोट ठेवलं की बोटाखाली शब्द झाकला जातो, म्हणून पिन. मी अडलो की पिन अडायची. तू कधी पुढचा शब्द सांगून टाकला नाहीस. आई म्हणायची, अगं सांगून टाक, जेवायचं आहे. तू म्हणायचीस, येईल त्याला. आणि तोवर पिन तिथेच. मला वाटायचं सगळ्यांच्या बहिणी तशाच शिकवतात.

काकूंनी मग गंमत केली. म्हणाल्या, तू मोठ्याने वाच, मी पडद्याकडे बघते. मी वाचलं. 'घाटाखालच्या' या शब्दाला मी जिथे अडतो तिथे पिन अडली. मी श्वास घेतो तिथे ओळ संपली. पाणचक्कीवालीचं सगळं बोलणं मी वाचलं आणि पिन माझ्या ना पुढे गेली ना मागे राहिली. काकू म्हणाल्या, "अख्ख्या जगात ज्याच्यासाठी हा गेम बरोबर वेगाने चालतो असा एकच माणूस आहे आणि तो माझ्या खुर्चीत बसून संत्री खातोय."

त्यावर लोक हसले, अळी म्हणाले, मधेच उतरले, आणि तू एक शब्द बोलली नाहीस. वेग वाढवायचं एक बटण ठेवलं असतंस तर निदान बस तरी भरली असती. तुझ्यासारखी हट्टी बाई मी बघितली नाही.

मग वाडगा कळला. मग दार. आणि भोवऱ्याचं तर मी तुला काय काय लिहून बसलो होतो, ते आठवून मला पांघरुणात जावंसं वाटलं. काकूंना म्हटलं, तुम्हाला आधीच कळलं होतं ना? म्हणाल्या, "मला तू भाड्याने खोली घ्यायला आलास तेव्हाच कळलं होतं. पिशवी खाली ठेवली नव्हतीस."

एक तक्रार मात्र आहे. भोवरा एवढं खात नाही. म्हणजे मी.

आता पुढचं ऐक. आम्ही गेम पुरा केला. निखारा अग्निसर्पाच्या जिभेवर ठेवला, तो आधी शिंकला, मग त्याने एक डोळा उघडला, आणि खाली दरीत एकेक करून चुली पेटत गेल्या. ती जागा फार चांगली झालीय ताई. मी काकूंकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग 'समाप्त' आलं आणि काकू म्हणाल्या, "समाप्त काय? तो भोवरा कुठाय?"

मी म्हटलं, गेला असेल कुठेतरी, त्याचं काय. काकू ऐकेनात. तिथून पुढे काही नाही, रस्ते मात्र तू उघडे ठेवलेस. मग आम्ही मागे फिरलो. अख्खं राज्य उलटं चाललो, पाणचक्कीवरून, घाटाखालच्या वस्तीवरून, पार पहिल्या गावापर्यंत. मला वाटतं त्या बसमधल्या कोणीच हे केलं नसेल. संपलेल्या गोष्टीत कोण मागे चालत जातं?

पोरीच्या घराचं दार उघडं होतं. चुलीपाशी वाडगा होता, आणि आता त्यातून वाफ येत होती. आणि उंबऱ्यात भोवरा उभा होता. पिशवी खांद्यावर नव्हती, खाली ठेवली होती.

मी दाबलं. बोलण्याची चौकट उघडली. रिकामी. पिन निघाली, रिकाम्या ओळीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि तिथे थांबली. वाट बघत. मी परत दाबलं. तेच. काकू म्हणाल्या, "अरे, इथे चुकून राहिलंय का?" मी म्हटलं, नाही काकू, ताई चुकत नाही.

अर्धा म्हणजे हे, ना? बाकी सगळ्यांच्या तोंडचं बोलणं तू लिहिलंस, सर्पाचंसुद्धा. याचं लिहिता आलं नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर राहिलं. पत्राचा कागद संपत आला. काठी जरा लांब पडलीय आणि काकू खाली गेल्यात, नाहीतर दुसरा कागद घेतला असता.

तुझा,
भिंगरी


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

या वेळी कार्डावर एकच ओळ. 'कसली काठी?'

मला ते 'काठी' खोडायचं होतं, पण पत्र पाकिटात गेलं आणि काकूंनी जिभेने चिकटवून टाकलं. मुद्दाम केलं असणार त्यांनी.

बेकरीची पाटी रंगवत होतो. 'क'चा दांडा जरा फुगला होता, तो लांबून कसा दिसतो हे बघायला मी मागे सरकलो. शिडीवर. पेंटरदादा म्हणतात असं त्यांच्या सगळ्या आयुष्यात कोणी केलं नाही, मागे सरकून बघायला लोक आधी खाली उतरतात. मी फोनच्या आधी पोचलो. उजवा पाय, गुडघ्याखाली, दोन जागी. सळी घातलीय. डॉक्टर म्हणतात चालेन, पण सावकाश, आणि घाईघाईने कुठे जायचं ते विसर. प्लास्टरवर पेंटरदादांनी लाल रंगात सुंदर 'री' काढून दिलीय, म्हणजे काम अगदीच अपुरं नको. काकू मला जेवण वर आणून देतात, हाताला धरून न्हाणीपर्यंत नेतात, आणि त्याबद्दल काही बोललं की टेबलावर बोटं वाजवतात.

मी तुला 'मजेत आहे' लिहिलं, कारण माझ्या हाताला तेच येतं. कुठूनही फोन केला की मी तेच म्हणतो. पाऊस अंगावर घेत बस स्टँडवर झोपलो होतो तेव्हाही तेच, ते गोदामातलं काम सुटलं तेव्हाही तेच. तू कधी खोदून विचारलं नाहीस. मला वाटायचं तुला खरं वाटतं. भोवरा प्रत्येक फाट्यावर 'मजेत आहे' म्हणतो तेव्हा पोरगी काय करते ते मी आता बघितलंय. ती त्याच्या वाडग्यात जरा जास्त वाढते. बस.

तुला एक गंमत सांगू का? मी इतके दिवस एका जागी बसलो, आणि एवढा मी कधीच चाललो नव्हतो. सगळं राज्य. आणि सगळे गुण आता 'थांबणं'मध्ये आहेत, ते काही मी घातलेले नाहीत, शिडीने घातले.

पेंटरदादा बेकरीवाल्याशी बोललेत, 'री' ते स्वतः काढणार आहेत. गुरुवारी प्लास्टर बदलतील, त्यानंतर मी गाडीत बसू शकतो. काकू म्हणतात त्या येतील सोडायला, कारण मधल्या स्टेशनवर मी उतरून जाईन असा त्यांना संशय आहे. एका पायावर कुठे जाणार, पण त्यांना पाहायचंय तुला. मला वाटतं त्यांना तुझ्याशी वेग वाढवायच्या बटणाबद्दल बोलायचंय. तू देऊ नकोस. आईला शिडीचंही सांग आता. ओरडू दे. आणि वायरी भिंतीला लावून घे, माझ्यासाठी.

महिना संपायला थोडे दिवस आहेत. मी तुला गेम ठेव म्हणून सांगत नाही. तू म्हणालीस अर्धी वस्तू ठेवणं बरोबर नाही, ते मला पटतं, मी 'बेक' लिहून ठेवलेल्या पाटीखाली लोक रोज हसतात, पेंटरदादा सांगतात. पण अर्धी आहे म्हणून काढणार असशील, तर उरलेला भाग माझ्याकडे होता. तुझ्याकडे नव्हताच, तू कुठून लिहिणार होतीस. मी तो चार वेळा लिहून खोडलाय. आधी फार मोठा झाला होता, पिन थकली असती.

उंबऱ्यातल्या त्या चौकटीत एवढंच टाक. मग ठरव.

"ताई, पाय दुखतोय. थोडे दिवस राहू का?"

वाचायला वेळ घे. मी इथे थांबलोय.

तुझा,
भोवरा